बाईसाहेबांचा कमरपट्टा

मुकुट म्हटला की डोळ्यांपुढे काहीतरी जडशीळ येतं. हा तसा नव्हता. पातळ सोन्याच्या पत्र्याची एक पट्टी, तिच्यावर समोरून उभ्या तीन फांद्या, झाडाच्याच, पण काटकोनात वळत वर गेलेल्या. मागच्या बाजूला हरणाची दोन शिंगं. सगळीकडे हिरव्या जेडचे स्वल्पविरामासारखे वाकलेले मणी आणि बारीक तारेला लटकवलेल्या टिकलीएवढ्या गोल चकत्या. शाळेची मुलं शेजारून धावत गेली आणि त्यांच्या पावलांनी त्या चकत्या थरथरल्या. दीड हजार वर्षांपूर्वीचं सोनं माझ्यासमोर हललं, आणि माझ्या हातावर काटा आला.

मी भाचीला म्हटलं, "केवढा रुबाब असेल त्या राजाचा!"

ती फलक वाचत होती. मान न वळवता म्हणाली, "राजाचा नाही गं मावशी. बाईचा आहे."

दक्षिण कोरियातल्या सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयातली ही गोष्ट. भाची चार वर्षं तिथे शिकते आहे. घडाघडा हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचते, चिनी अक्षरांपाशी मात्र अडखळते. एप्रिलमध्ये मी तिच्याकडे पंधरा दिवस राहायला गेले होते. चेरीचा बहर बघायला ये म्हणून तिने बोलावलं होतं. बहर बघितला, छानच होता. पण ते पंधरा दिवस गेले संग्रहालयांत. त्याला कारण हे एक वाक्य.

तो मुकुट ग्यंगजूचा. ग्यंगजू ही प्राचीन कोरियातल्या सिल्ला राज्याची राजधानी. त्या गावात घरांच्या मध्ये मध्ये गवताने झाकलेल्या गोल टेकड्या आहेत. पोरंटोरं, सायकली, दुकानं, आणि मध्येच एक हिरवी टेकडी. या टेकड्या म्हणजे थडगी. लाकडाची खोली, तिच्यावर दगडगोट्यांचा ढीग आणि त्यावर मातीचा डोंगर अशी त्यांची रचना. आतलं लाकूड कुजलं की वरचे दगड खाली कोसळतात, त्यामुळे चोरांना आत शिरता येत नाही. सर्वांत मोठं थडगं ह्वांगनाम देछोंग. दोन टेकड्या एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये खोलगट भाग, उंटाच्या पाठीसारखा. लांबी सुमारे १२० मीटर. १९७३ ते १९७५ या काळात ते खणलं. एवढ्या मोठ्या थडग्याला एकदम हात घालायचा धीर झाला नाही म्हणून आधी शेजारचं लहान थडगं सरावाला घेतलं, तर त्या सरावातच सोन्याचा मुकुट आणि भूर्जाच्या सालीवर रंगवलेला पांढरा घोडा हाती आला! मग मोठं उघडलं. दोन्ही टेकड्या मिळून ५८ हजारांहून अधिक वस्तू निघाल्या.

दक्षिणेकडच्या टेकडीत पुरुष होता. तलवारी, घोड्याचा साज, सगळा लवाजमा बरोबर. पण त्याच्याकडे सोन्याचा मुकुट नव्हता. त्याचे मुकुट चांदीचे आणि तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेले. शुद्ध सोन्याचा मुकुट निघाला उत्तरेकडच्या टेकडीत. त्याबरोबर सोन्याचा कमरपट्टा आणि सोन्याची कंकणं. आणि एका चांदीच्या कमरपट्ट्याच्या टोकाच्या पत्र्यावर कोरलेली तीन अक्षरं: बु-इन-दे. बाईसाहेबांचा पट्टा.

एवढंच. नाव नाही. कोरणाऱ्याला ती कोण हे सांगायची गरजच वाटली नसावी. घरात बाईसाहेब एकच होत्या.

दक्षिणेकडचा राजा कोण, यावर अजून एकमत नाही, तीन राजांची नावं चर्चेत आहेत. तो ठरला की ती कोणाची राणी ते ठरेल. म्हणजे सोनं तिच्या डोक्यावर, आणि तिची ओळख अजून शेजारच्या टेकडीत अडकलेली. त्या टेकडीत आणखी एका कोवळ्या मुलीचे अवशेष सापडले. राजाबरोबर पाठवलेली. राजा वारला की पाच पुरुष आणि पाच बायका सोबत पुरायच्या अशी सिल्लाची रीत होती. ५०२ साली जिजुंग राजाने ती बंद केली. त्या मुलीचं नाव कोण कशाला कोरेल?

ग्यंगजूच्याच आणखी एका थडग्याची हकिकत सांगायला हवी. सोबोंगछोंग त्याचं नाव. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. १९२६ साली हे थडगं खणलं तेव्हा स्वीडनचे युवराज प्रवासात होते. त्यांना मुद्दाम बोलावून मुकुट त्यांच्या हातून उचलवला. थडग्याच्या नावातलं 'सो' हे अक्षरसुद्धा स्वीडनवरून आलेलं. आत निघालेली कानातली जाड कड्यांची आहेत, तलवार नाही. म्हणून तेही बाईचंच असावं असं अभ्यासक मानतात. सिल्लाच्या कबरींत ही साधी खूण समजली जाते: जाड कडी बायकांची. पुढे १९३५ साली त्या वस्तू प्याँगयांगच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी नेल्या. प्रदर्शन संपल्यावर एक मेजवानी झाली. तिथे जमलेल्या अधिकाऱ्यांनी तो मुकुट आणि तो कमरपट्टा एका गीसेंगला, म्हणजे नाचगाण्यासाठी बोलावलेल्या बाईला, घातला आणि फोटो काढले. दुसऱ्या वर्षी ते वर्तमानपत्रात आलं आणि गदारोळ झाला.

ते छायाचित्र मी पाहिलं आहे. लोक त्याकडे राणीचा अपमान म्हणून बघतात आणि ते खरंच आहे. पण मला सारखी आठवते ती त्या गीसेंगची मुद्रा. ती हसत नाहीये. तिला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. तिचं नाव नोंदलेलं आहे, छा रुंगफा. दीड हजार वर्षांत हे दागिने फक्त दोन बायकांनी अंगावर घातले असतील. त्यांतल्या राणीचं नाव कोणाला ठाऊक नाही. जिला सगळ्यांनी खेळण्यासारखं वापरलं तिचं नाव तेवढं उरलं, तेही बदनामीच्या बातमीत.

*

दोन दिवसांनी आम्ही बसने गोंगजूला गेलो. बेक्जे या प्राचीन कोरियातल्या दुसऱ्या राज्याची ही एकेकाळची राजधानी, नदीकाठचं शांत गाव. १९७१ च्या जुलैमध्ये इथे दोन जुन्या थडग्यांत पाणी झिरपतं म्हणून चर खणत होते. फावडं विटेला लागलं. तीच मुर्यंग राजाची कबर, कोणीही न उघडलेली. बातमी फुटली, पत्रकारांची आणि बघ्यांची झुंबड उडाली, आणि घाबरून ते सगळं उत्खनन एका रात्रीत उरकलं गेलं. जिथे महिनोन् महिने गुडघ्यांवर बसून काम व्हायला हवं होतं तिथे पहाटेपर्यंत सगळं बाहेर. उत्खननाच्या प्रमुखांना पुढे आयुष्यभर त्याचं शल्य राहिलं.

इथे राजाचं नाव आहे. दारातच दगडावर कोरलेलं: बेक्जेचा राजा सामा, वय ६२, मृत्यू ५२३. दुसऱ्या दगडावर जमिनीचं खरेदीखत आहे. भूमीच्या देवतांकडून ही जागा राजाने रीतसर विकत घेतली, असा मजकूर. त्यावर लोखंडी नाण्यांची माळ ठेवलेली होती, पैसे रोख चुकते केल्याची खूण. मला हे फार आवडलं. मेल्यावरही सातबारा स्वच्छ हवा.

राणी तीन वर्षांनी, ५२६ मध्ये गेली. दोघांनाही आधी सव्वादोन वर्षं दुसरीकडे ठेवून मग इथे आणलं होतं, तशी तिथली रीत होती. राणीला आणलं ५२९ मध्ये. तिच्यासाठी नवा दगड केला नाही. राजाचं खरेदीखत उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर तिचा मजकूर कोरला. त्यातही नाव नाही. बेक्जे राज्याची राजमाता, अमुक साली वारली, बस.

पण तिच्या डाव्या हाताशी चांदीची दोन कडी मिळाली. मी त्या काचेपुढे किती वेळ उभी होते कोण जाणे, भाची दोनदा येऊन गेली. जाड, भरीव कडी. बाहेरून ड्रॅगनची अंगं वळसे घेत फिरतात. त्यांचे खवले एकेक करून उठवलेले, पंजे ताणलेले, जीभ बाहेर. आणि आतल्या बाजूला, जी बाजू मनगटाला लागते, तिथे अक्षरं कोरलेली. कारागीर लिहितो: ग्यंगजा वर्षाच्या, म्हणजे ५२० सालच्या, दुसऱ्या महिन्यात तारीने हे मोठ्या बाईसाहेबांसाठी केलं, वजन २३० जू.

तारी! सोनाराचं नाव आहे. तो कुठला, कोणाकडे शिकला, काहीच माहीत नाही, पण नाव आहे. ५२० म्हणजे राणी जाण्याच्या सहा वर्षं आधी. ही कडी कबरीसाठी घडवलेली नव्हेत. तिने ती हयातीत वापरली असणार. कडं हातात सरकवताना आतली अक्षरं तिच्या कातडीला लागत असतील. दुसऱ्या कोणाला ती दिसणार नव्हती. तारीचं नाव फक्त तिला ठाऊक होतं, आणि तिचं नाव तारीला नक्कीच ठाऊक होतं. पण त्याने ते कोरलं नाही. राणीचं नाव घ्यायचं नसतं.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी दमून गप्प होतो. खिडकीबाहेर भातखाचरं, अजून पाणी न भरलेली. मग भाचीने विचारलं, "मावशी, पणजीचं नाव काय होतं?"

मी आजीचं नाव सांगितलं.

"ते लग्नानंतरचं ना? आधीचं?"

मला आठवेना. मग लक्षात आलं, आठवायचा प्रश्नच नव्हता, मला ते कधी माहीतच नव्हतं. परातीत तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहितात, सगळे वाकून बघतात, टाळ्या वाजवतात. जुनं नाव कोणी कुठे लिहीत नाही. आजीच्या मांडीवर मी वाढले. तिच्या वाताच्या बोटांना मी तेल लावलं आहे. ती भाकरी थापताना कुठली ओवी म्हणायची ते मला पाठ आहे. आणि तिची आई तिला काय म्हणून हाक मारायची, ते ठाऊक नाही.

*

आन्दोंगला जायचं आधी ठरलेलं नव्हतं. बसमधल्या त्या प्रश्नानंतर भाचीच म्हणाली, तुला एक पत्र दाखवते.

१९९८ साली आन्दोंगमध्ये घरबांधणीसाठी जमीन मोकळी करायची होती म्हणून तिथल्या जुन्या कबरी हलवत होते. जोसन काळात, म्हणजे १३९२ नंतरच्या पाचशे वर्षांत, शवपेटीभोवती चुना, वाळू आणि माती कालवून भिंत घालायचे. ती सिमेंटसारखी घट्ट होते. हवा नाही, ओल नाही, त्यामुळे आतलं कापड आणि कागद शतकानुशतकं टिकतो. अशाच एका पेटीत ई उंगथे नावाचा माणूस होता, १५८६ मध्ये एकतिसाव्या वर्षी वारलेला. त्याच्या बरोबर कपडे, वडिलांची पत्रं, भावाने पंख्यावर लिहिलेली कविता. आणि छातीवर बायकोचं पत्र.

पत्र हांगुलमध्ये आहे. विद्वान पुरुष तेव्हा चिनी लिपीत लिहीत. हांगुल बायकांची, साध्यासुध्या माणसांची लिपी मानली जाई. पत्राचा मायना आहे: 'वनच्या वडिलांस'. आत ती विचारते, डोकं पांढरं होईपर्यंत बरोबर राहू आणि जायचं तेव्हा बरोबरच जाऊ असं तू मला म्हणायचास, मग मला टाकून पुढे कसा गेलास? मी आणि हे मूल कोणाच्या आधाराने जगायचं? आपण शेजारी पडून बोलायचो, दुसरी माणसं आपल्यासारखा जीव लावत असतील का, म्हणून. ते सगळं विसरलास? पोटात एक मूल आहे, ते जन्माला आल्यावर वडील कोणाला म्हणेल? हे पत्र वाच आणि माझ्या स्वप्नात ये, नीट सगळं सांग.

भाची एकेक ओळ वाचून मला मराठीत सांगत होती. सांगताना तिने आधी 'तुम्ही' म्हटलं, मग थांबली, मग 'तू' केलं. म्हणाली, "मावशी, ती नवऱ्याला 'चाने' म्हणते. आज हा शब्द बरोबरीच्याला किंवा लहानाला वापरतात. नवऱ्याला कोणी म्हणणार नाही." त्या एका शब्दावरून अभ्यासक सांगतात की सोळाव्या शतकापर्यंत तिथे नवरा-बायको एकमेकांशी बरोबरीने बोलत. नंतर कन्फ्यूशियसचे नियम घट्ट होत गेले आणि ती बरोबरी भाषेतूनही गेली. मला माझ्या घरातलं 'अहो' आठवलं. आजीला तर 'अहो'सुद्धा मोठ्याने म्हणायची चोरी होती. 'इकडून येणं झालं का' असं ती म्हणायची, जणू माणूस नाही, दिशाच घरी आली आहे.

पत्र जवळून बघताना एक गोष्ट दिसते जी सांगून कळत नाही. ओळी उजवीकडून सुरू होतात, उभ्या, बऱ्यापैकी सरळ. डाव्या कडेला पोचेपर्यंत कागद संपतो. बोलणं संपलेलं नसतं. मग ती कागद फिरवते आणि वरच्या समासात आडवं लिहायला लागते. समासही भरतो. मग ती पुन्हा सुरुवातीकडे येते. तिथे मायन्याजवळ थोडी जागा राहिलेली असते, त्या जागेत उलट्या बाजूने लिहिते. शेवटी म्हणते, सांगायचं संपत नाही, पण इथे थांबते. दुसरा कागद तिने घेतला नाही. हाताशी नसेल. किंवा पेटी बंद करायची वेळ झाली असेल, दारात माणसं खोळंबली असतील.

पत्राबरोबर कागदात गुंडाळलेली पादत्राणं होती, मितुरी म्हणतात त्यांना. वाखाच्या धाग्यांत केस विणलेले. कागद विरला होता, पण त्यावरचे काही शब्द वाचता आले: माझे केस, आणि हे जोडे घालायलाही मिळाले नाहीत अशा अर्थाचे. आजारी माणूस बरा व्हावा म्हणून आपले केस कापून त्याच्यासाठी जोडे विणायचे, तो उठून चालायला लागेल या आशेवर. बघताना मला प्रथम ते नुसते गवताचे जोडे वाटले. मग वाखाच्या पिवळट धाग्यांत मधूनच तो गडद, बारीक, किंचित चमकणारा पीळ दिसला. तळव्यांवर झिजल्याची एकही खूण नव्हती.

ई उंगथेचं नाव, त्याच्या भावाचं नाव, वडिलांचं नाव, सगळं वंशावळीत आहे. तिचं नाही. पत्राखाली सही म्हणून 'घरून' एवढंच आहे. आज सगळा कोरिया तिला ओळखतो तो 'वनची आई' म्हणून. आन्दोंगमध्ये तिचा पुतळा आहे. तिथल्या नदीवर वल्यंग्यो नावाचा लांब लाकडी पूल आहे, २००३ सालचा, त्या जोड्यांची आठवण म्हणून बांधलेला. संध्याकाळी आम्ही त्यावरून चालत गेलो. जोडपी फोटो काढत होती. भाची म्हणाली, "वनची आई म्हणजे आपल्याकडे कसं, अमक्याची आई. आमच्या सोसायटीत सगळ्या बायका एकमेकींना अशाच ओळखतात." पाण्यावर वारा होता. मी काहीच बोलले नाही.

*

सोलला परत आल्यावर राजवाड्याच्या संग्रहालयात बारा छोट्या डब्यांची माहिती मिळाली. यंग्जो राजाची मुलगी ह्वाह्यप, १७३३ मध्ये जन्मलेली, विसाव्या वर्षी गोवराने गेलेली. तिच्या कबरीत चिनी मातीच्या या डब्या निघाल्या, प्रत्येकीत थोडं थोडं प्रसाधन. पांढरी पूड, त्यात शिसं होतं. लाल पूड हिंगूळाची. आणि एका डबीत आंबट द्रवात बुडवलेल्या हजारो मुंग्या. त्यांचा उपयोग नेमका कशासाठी, कातडीसाठी की औषधासाठी, यावर तर्क चालू आहेत. वडिलांनी तिचा मृत्युलेख स्वतः लिहिला होता, आणि त्यात राजापेक्षा बाप जास्त आहे. ह्वाह्यप ही पदवी. तिला घरात काय म्हणत, ते त्यांनीही लिहिलं नाही.

एकदा कॉफीचे पैसे द्यायला भाचीने पन्नास हजार वॉनची नोट काढली. त्यावर शिन साइमदांगचं चित्र आहे. सोळाव्या शतकातली चित्रकार, फुलपाखरं, वांगी, कलिंगडं, उंदीर इतक्या मायेने रंगवणारी बाई कमीच. २००९ पासून ती नोटेवर आहे. 'साइमदांग' हे तिने आपल्या राहत्या दालनासाठी घेतलेलं नाव. पुन्हा तेच.

आणि एक प्रार्थना. जोसनच्या आधीच्या गोर्यो काळातली, १३०२ सालची. बुद्धमूर्तीच्या पोटात कागद, धान्य, कापडाचे तुकडे ठेवून ती सील करायची पद्धत होती. अशा एका अमिताभ बुद्धाच्या पोटात ठेवलेल्या वस्तू ओनयांगच्या लोकसंग्रहालयात आहेत. त्यांत चांगन्यंगच्या जांग घराण्यातल्या एका बाईसाहेबांनी मागितलेलं मागणं आहे. पुढच्या जन्मी चांगल्या घरी जन्म दे आणि पुरुषाचं शरीर दे. एवढ्या मोठ्या घरची बाई, मूर्ती घडवायला दान देणारी, आणि मागते काय तर हे. मूर्तीचं पोट बंद केल्यावर ते कोणी वाचणार नव्हतं. म्हणूनच कदाचित खरं लिहिलं असेल.

*

शेवटचा दिवस मी हस्तकला संग्रहालयासाठी ठेवला होता. २०२१ मध्ये उघडलेली ही जागा आधी मुलींची शाळा होती. त्याच्याही आधी तिथे राजघराण्यातल्या लग्नासाठी बांधलेला वाडा होता. भरतकाम आणि बोजागी यांची तिथली दालनं मुख्यतः एका दांपत्याच्या संग्रहातून उभी राहिली. हो दोंगह्वा आणि पाक यंगसुक. ती दंतवैद्य होती. लोक जेव्हा राजवाड्यातली भांडी आणि चित्रं जमवत होते तेव्हा हे दोघं जुन्या बाजारात बायकांच्या हातची फडकी विकत घेत होते. २०१८ मध्ये पाच हजारांच्या घरात वस्तू त्यांनी शहराला देऊन टाकल्या.

बोजागी म्हणजे बांधायचं फडकं. जेवणाच्या चौरंगावर झाकायला, अंथरूण बांधायला, लग्नातली भेट गुंडाळायला. आपल्या मराठीत त्याला अगदी बरोबर शब्द आहे, बासन. आपण तो वाया घालवला. एखादी योजना बासनात गुंडाळली म्हणजे संपली असं आपण म्हणतो. पण बासन म्हणजे मुळात पोथी जपायचं कापड. जी गोष्ट टिकावी असं वाटतं तीच बासनात बांधतात. कोरियन बायकांचीही हीच समजूत होती. 'बोक' म्हणजे सुदैव, ते फडक्यात बांधून ठेवलं की घरात राहतं.

यांतल्या ज्या तुकड्यांच्या असतात त्यांना जोगाक्बो म्हणतात. कोरियन पोशाख बेतताना बाह्या आणि गळे वळणदार कापले जातात, त्यातून निघालेल्या चिंध्या. चौकोनी, तिरक्या, काही बोटभर रुंद. एक मोशीच्या कापडाची जोगाक्बो छतापासून टांगलेली होती, मागून दिव्याचा उजेड. मोशी म्हणजे तिथलं उन्हाळी, खडखडीत, पारदर्शक कापड. दूधपांढरा, ताकासारखा निळसर पांढरा, भाताच्या पेजेसारखा. सगळे पांढरेच, पण एकही दुसऱ्यासारखा नाही. शिवण तिहेरी दुमडून घातलेली, कापलेली कड कुठेच उघडी नाही, सुलटी-उलटी ओळखू येत नाही. उजेडात कापड विरघळून जातं आणि शिवणीच तेवढ्या गडद रेघा होऊन उरतात. मी नाक काचेला लावून टाके मोजायला लागले. एका बोटाच्या पेरात मोजता मोजता चुकले. पुन्हा मोजले, पुन्हा चुकले.

एका कोपऱ्यात मात्र तीन-चार टाके जरा लांब पडले होते. तेल संपलं असेल. मूल रडलं असेल.

फलकावर होतं: एकोणिसावं शतक, कर्ती अज्ञात. शेजारच्यावर तेच. त्याच्या शेजारच्यावर तेच.

आजीची वाकळ मला तिथे आठवली हे सांगायला नको. तिच्या लुगड्यांची, आजोबांच्या धोतराची, माझ्या परकराची, धावदोऱ्याने शिवलेली. दुपारी जेवणं उरकल्यावर ती माजघरात पसरायची आणि मी सुईत दोरा ओवून द्यायचे. ती वाकळ आम्ही घर बदलताना टाकली. कोणीतरी म्हणालं, त्यात ढेकूण होतील, आणि मी हो म्हटलं. तिथे, त्या उजेडातल्या पांढऱ्या फडक्यापुढे, ते माझ्या घशाशी आलं. टाकायला नको होती. ती फक्त पांघरूण नव्हती. तिने आयुष्यात काही लिहिलं असेल तर ते तिथेच, धावदोऱ्याने.

निघताना भाचीने मला दुकानातून एक लहान बोजागी घेऊन दिली, फिकट जांभळी.

पुण्याला आल्यावर दोन दिवस झोपेचं तंत्र बिघडलेलं होतं. पहाटे तीनला जाग आली तेव्हा माळ्यावरची पितळी भांडी काढली. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. कोणी, कोणाला, कधी दिलं ते. एक कळशी आजीच्या लग्नातली आहे एवढं मला माहीत होतं, पण ती वर्षानुवर्षं काळीठिक्कर पडून होती, मी कधी वाचलीच नव्हती. चिंच आणि मीठ लावून घासली. गळ्याखाली, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर यायला लागली. कासाराने सुरुवात मोठ्या अक्षरांत केली होती, पुढे जागा अपुरी पडली म्हणून शेवटचे आकडे काठाखाली दाटीवाटीने बसवले होते.

'चि. ताईस आईकडून शके १८६०.'

फोटो काढून भाचीला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं: "ताई म्हणजे पणजी? आणि आईचं नाव?"

उजाडल्यावर मी आत्याला फोन लावला. ती ऐंशीच्या पुढची आहे, ऐकू कमी येतं, पण सगळं लख्ख आठवतं. मी ओरडून ओरडून विचारलं. ती म्हणाली, हो, माहेरी तिला ताईच म्हणायचे, सगळे ताईच म्हणायचे. मग जरा थांबली. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, म्हणाली, एकदा तिनेच सांगितलं होतं मला, विहिरीवर, मी लहान होते. आणि तिच्या आईला आम्ही मोठी आई म्हणायचो.

"नाव, आत्या, नाव!"

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"थांब," ती म्हणाली, "आठवून सांगते. ठेव फोन, मी करते."

कळशी मी जांभळ्या बोजागीवर ठेवली आहे, खिडकीपाशी. फोन शेजारी.